आधी मराठी शेपूट ओळखा: इंग्रजीतले सेमी-मोडल वापरताना

मिरजेच्या सतारमेकर गल्लीतला एक मुलगा माझ्या संध्याकाळच्या वर्गाला यायचा. हात कसबी, इंग्रजी जेमतेम. एकदा दुकानात परदेशी गिऱ्हाईक आलं, तंबोरा पसंत केला आणि आगाऊ रक्कम द्यायला पाकीट काढलं. याला सांगायचं होतं, ‘आत्ता पैसे द्यायची गरज नाही, वाद्य तयार झालं की द्या.’ तोंडातून निघालं, ‘यू मस्ट नॉट पे नाऊ.’ गिऱ्हाइकानं पाकीट खिशात ठेवलं आणि चेहरा पाडून विचारलं, ‘काही चुकलं का माझं?’ त्याला ऐकू आलं होतं, ‘आत्ता पैसे द्यायचे नाहीत, खबरदार.’ ‘यू डोन्ट हॅव टू पे नाऊ’ म्हटलं असतं तर विषय तिथंच संपला असता.

दुसऱ्या दिवशी वर्गात आम्ही यावरच बसलो. त्याला ‘मस्ट’ म्हणजे ‘पाहिजे’ हे पाठ होतं, त्याला ‘नॉट’ जोडलं की ‘नाही पाहिजे’, हिशेब साधा. पण त्याच्या मनातलं मराठी वाक्य ‘द्यायचे नाहीत’ असं नव्हतंच, ‘द्यायची गरज नाही’ असं होतं. मराठी या दोन्हींत चोख फरक करते. घाईत त्यानं तो ऐकलाच नाही. सेमी-मोडलच्या, म्हणजे ‘हॅव टू’, ‘यूज्ड टू’सारख्या सक्ती, गरज, सवय दाखवणाऱ्या शब्दांच्या, बहुतेक चुका इथंच होतात, इंग्रजीपर्यंत पोचायच्या आधी. म्हणून हा लेख नियमांच्या यादीपासून सुरू होत नाही. मराठी क्रियापदाच्या शेवटी जे शेपूट लागतं, जावं ‘लागलं’, जा‘यचो’, गे‘लेलं बरं’, ते आधी ओळखायचं आणि मग इंग्रजीत त्याचा जोडीदार शोधायचा.

पहिली पायरी: हे नक्की कोण?

मोडल म्हणजे मुख्य क्रियापदाला सक्ती, शक्यता, क्षमता असा अर्थ जोडणारं सहायक क्रियापद. इंग्रजीत अस्सल मोडल नऊच: कॅन, कुड, मे, माइट, शॅल, शुड, विल, वुड, मस्ट. त्यांचा स्वभाव ठाम आहे. ‘ही’, ‘शी’ आले तरी त्यांना एस लागत नाही (‘ही कॅन्स’ होत नाही), नकाराला ‘डू’ची मदत लागत नाही (‘कॅन नॉट’), आणि पुढच्या क्रियापदाआधी ‘टू’ येत नाही (‘कॅन गो’).

सेमी-मोडल अर्थाचं काम तेच करतात, म्हणजे सक्ती, गरज, सवय, सल्ला, क्षमता दाखवतात. पण वरचे सगळे नियम पाळत नाहीत. ‘हॅव टू’ला एस लागतो (‘शी हॅज टू गो’), नकाराला ‘डू’ लागतं. ‘ऑट’ला एस लागत नाही पण ‘टू’ लागतं. ‘हॅड बेटर’ दिसतो भूतकाळी, बोलतो पुढच्या गोष्टीबद्दल. एक पाय इकडे, एक पाय तिकडे, असा हा सगळा गोतावळा.

नावांच्या गोंधळात पडू नका. रँडॉल्फ क्वर्क आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी 1985 मध्ये इंग्रजीचं मोठं व्याकरण लिहिलं, त्यात डेअर, नीड, ऑट टू आणि यूज्ड टू या चौघांना ‘मार्जिनल मोडल’ म्हटलंय, हॅव टू आणि बी एबल टू वगैरेंना ‘सेमी-ऑक्झिलरी’, तर हॅड बेटरला ‘मोडल इडियम’. शाळेच्या पुस्तकांत कधी फक्त ते चारच सेमी-मोडल असतात, कधी सगळेच. परीक्षेला तुमच्या पुस्तकातली यादी लिहा. बोलताना लेबलाचा काही उपयोग नसतो.

कोणते आधी शिकायचे, हे मात्र महत्त्वाचं. भाषाशास्त्रज्ञांनी 1961 चं आणि त्यानंतर तीस वर्षांनी छापलेलं इंग्रजी, प्रत्येकी सुमारे दहा लाख शब्दांचे संग्रह करून, ताडून पाहिलं. ऑट आणि मोडल म्हणून वापरलेला नीड घसरलेले दिसले. हॅव टू, नीड टू, बी सपोज्ड टू यांचा वापर वाढलेला दिसला. आपल्याकडे जुनी गाइडं ‘डेअर’ आणि ‘ऑट’वर दोन-दोन पानं खर्च करतात आणि ‘हॅव टू’ चार ओळींत उरकतात. मी इथं उलटं करणार आहे.

दुसरी पायरी: जावं लागतं, जायचं आहे, जायचं नाही

‘-वं लागतं’ या शेपटाचा जोडीदार ‘हॅव टू’. मला जावं लागतं, ‘आय हॅव टू गो’. तिला जावं लागतं, ‘शी हॅज टू गो’. जावं लागलं, ‘हॅड टू गो’. जावं लागेल, ‘विल हॅव टू गो’. तंबोऱ्याचा भोपळा कापण्याआधी पूर्ण वाळावा लागतो, ‘द गोर्ड हॅज टू ड्राय फुली बिफोर वी कट इट’. इथं मराठी आणि इंग्रजी इतक्या जुळतात की चूक करायला जागाच कमी.

एप्रिल 2016 मध्ये लातूरला प्यायचं पाणी मिरजेहून रेल्वेनं न्यावं लागलं. पहिल्या गाडीला पन्नास-पन्नास हजार लिटरच्या दहा वाघिणी होत्या. ‘वॉटर हॅड टू बी ब्रॉट फ्रॉम मिरज बाय ट्रेन.’ हे वाक्य मी वर्गात मुद्दाम देते, कारण अर्ध्या वर्गाचा हात ‘मस्ट’कडे जातो आणि तिथंच थांबतो. ‘मस्ट’ला स्वतःचा भूतकाळ नाही, भविष्यकाळही नाही. ‘मस्टेड’ नाही, ‘विल मस्ट’ नाही. कालची सक्ती आली की ‘हॅव टू’शिवाय गत्यंतर नाही, आणि उद्याच्या सक्तीलाही ‘विल हॅव टू’ सरळ पडतं. (‘मस्ट हॅव गॉन’ असतं, पण त्याचा अर्थ ‘गेला असणार’ असा अंदाजाचा. सक्तीशी त्याचा संबंध नाही.)

आता खरी अडचण. ‘मला बँकेत जायचं आहे.’ इच्छा आहे की काम आहे? मराठीत दोन्ही. गावाकडून आलेला भाऊ म्हणतो, ‘मला समुद्र बघायचा आहे’, ती हौस. तोच दुपारी म्हणतो, ‘मला चारच्या आत फॉर्म भरायचा आहे’, ती गरज. इंग्रजीत पहिल्याला ‘वाँट टू’, दुसऱ्याला ‘हॅव टू’. साहेबांना ‘आय वाँट टू गो टू द बँक’ म्हटलंत तर त्यांना वाटतं, याला बँकेत जायची हुक्की आलीय. सोडलं नाही तरी चालेल. ‘आय हॅव टू गो’ म्हटलंत तर नाइलाज कळतो. तेव्हा ‘-यचं आहे’ तोंडात आलं की क्षणभर थांबा आणि त्या जागी ‘-वं लागेल’ घालून बघा. अर्थ टिकला तर ‘हॅव टू’. विचित्र वाटलं (‘मला समुद्र बघावा लागेल’) तर ‘वाँट टू’.

नकारात फाटा आणखी रुंद होतो.

‘जायचं नाही’, ‘जाऊ नका’: मनाई. ‘यू मस्ट नॉट गो.’
‘जावं लागत नाही’, ‘जायची गरज नाही’: मोकळीक. ‘यू डोन्ट हॅव टू गो’ किंवा ‘यू डोन्ट नीड टू गो.’

होकारात ‘मस्ट’ आणि ‘हॅव टू’ जवळजवळ एकाच घरातले, नकारात मात्र एक दार बंद करतो आणि दुसरा उघडं सोडतो. सतारमेकर गल्लीतला घोटाळा हाच. आणि ‘आय हॅव नॉट टू गो’ असं लिहू नका. पूर्वीच्या पुस्तकांत सापडेल, आज ‘डोन्ट हॅव टू’.

उच्चाराचं एक इथंच सांगून टाकते. सक्तीच्या ‘हॅव टू’मध्ये ‘व्ह’ राहत नाही, ‘हॅफ टू’ ऐकू येतं. ‘हॅज टू’चं ‘हॅस टू’ होतं. ‘आय हॅव टू बुक्स’ (माझ्याकडे दोन पुस्तकं आहेत) मध्ये ‘व्ह’ शाबूत असतो. कान तयार झाला की सिनेमातलं इंग्रजी अचानक कळायला लागतं.

तिसरी पायरी: जायचो, जायची सवय आहे, कापायला वापरतात

‘यूज्ड टू’वर माझे तीन तास जातात. गेले तरी हरकत नाही, कारण मराठी माणसाची सगळ्यात हट्टी चूक इथंच आहे.

पूर्वी व्हायचं, आता होत नाही, त्यासाठी मराठीत ‘-यचो, -यची, -यचं’ किंवा पुस्तकी ‘-त असे’. इंग्रजीत ‘यूज्ड टू’ आणि पुढे साधं क्रियापद. मिरजेतले शिकलगार पूर्वी हत्यारांचं काम करायचे; हत्यारांचे दिवस सरले तसे ते तंतुवाद्यांकडे वळले. ‘द शिकलगार्स ऑफ मिरज यूज्ड टू मेक वेपन्स.’ किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत राहायचे, ‘अब्दुल करीम खाँ यूज्ड टू लिव्ह इन मिरज’. क्रिया नसून नुसती स्थिती असली तरी चालतं: मिरज जंक्शनवर एके काळी ब्रॉड, मीटर आणि नॅरो असे तिन्ही गेज होते, ‘देअर यूज्ड टू बी थ्री गेजेस ॲट मिरज जंक्शन’. हे शेवटचं वाक्य रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका काकांनी वर्गात इतक्या अभिमानानं म्हटलं की त्या दिवशी ते कोणालाच परत पाठ करावं लागलं नाही.

हट्टी चूक ही: ‘मी रोज सकाळी फिरायला जातो’ याचं ‘आय यूज्ड टू गो फॉर अ वॉक एव्हरी मॉर्निंग’. किंवा डी गाळून ‘आय यूज टू गो’. का होतं? ‘यूज्ड टू’ म्हणजे सवय, असं कुणीतरी कधीतरी वहीत लिहून दिलेलं असतं. सवय खरी, पण मेलेली. ऐकणाऱ्याला वाटतं, फिरणं बंद झालं बिचाऱ्याचं. आजच्या सवयीला इंग्रजीत साधा वर्तमानकाळ पुरतो: ‘आय गो फॉर अ वॉक एव्हरी मॉर्निंग’. फार तर ‘यूज्वली’ घाला. नोकरीच्या मुलाखतीत ‘आय यूज्ड टू हँडल अकाउंट्स’ म्हणणाऱ्याला पुढचा प्रश्न ‘मग सोडलं का?’ असाच येणार.

दुसरा भाऊबंद ‘बी यूज्ड टू’. ‘मला लवकर उठायची सवय आहे’, म्हणजे अंगवळणी पडलंय. ‘आय ॲम यूज्ड टू गेटिंग अप अर्ली.’ पुढे ‘गेट’ नाही, ‘गेटिंग’. हे ‘टू’ ‘ला’ या प्रत्ययासारखं आहे, त्याच्या पुढे नाम लागतं: ‘आय ॲम यूज्ड टू द नॉइज’, मला या आवाजाची सवय आहे. ‘नॉइज’ बसतो तिथं ‘गेटिंग’ बसतं, ‘गेट’ बसत नाही.

तिसरा नुसता तोंडवळ्यानं सारखा: ‘धिस नाइफ इज यूज्ड टू कट गोर्ड्स’, हा सुरा भोपळे कापायला वापरतात. इथं ‘यूज’ म्हणजे खरोखर वापरणं. उच्चारही वेगळा: वापरण्याच्या अर्थी ‘यूज्ड’ मध्ये ‘झ’ स्पष्ट, सवयीच्या दोन्ही अर्थी ‘यूस्टू’, एकच शब्द असल्यासारखा.

तर मराठीत विचारा: जायचो? जायची सवय आहे? जायला वापरतात? तीन वेगळी शेपटं, तीन वेगळी वाक्यं. वहीत तिन्ही एकाखाली एक लिहून ठेवा.

प्रश्न आणि नकारात ‘डिड’ भूतकाळ स्वतःकडे ओढून घेतं, म्हणून लिहिताना डी जातो: ‘डिड यू यूज टू लिव्ह इन सांगली?’, ‘आय डिडन्ट यूज टू लाइक टी’. बोलताना दोन्ही सारखेच ऐकू येतात, त्यामुळे इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे तेही लिहिताना इथं घसरतात. चूक झाली तर फार मनाला लावून घेऊ नका.

आणखी एक अट. मुदत किंवा आकडा सांगितला की ‘यूज्ड टू’ बाजूला ठेवायचा. ‘आय यूज्ड टू लिव्ह इन पुणे फॉर फाइव्ह इयर्स’ नाही. ‘आय लिव्ह्ड इन पुणे फॉर फाइव्ह इयर्स’. ‘मी तीनदा गेलो’ला ‘आय वेन्ट थ्री टाइम्स’. मराठीतही ‘मी पुण्यात पाच वर्षं राहायचो’ कानाला खटकतं की नाही? तोच कान वापरा.

‘वुड’नंही जुनी सवय सांगता येते: ‘आजोबा वुड टेल अस स्टोरीज’. पण ती वारंवार घडणारी कृती हवी. ‘असणे’, ‘आवडणे’, ‘राहणे’ अशा स्थितींना ‘वुड’ चालत नाही. नवशिक्यांनी सरळ ‘यूज्ड टू’ वापरावं, कुठंच अडत नाही.

चौथी पायरी: गरज नाही, गरज नव्हती

‘नीड’ दोन वेषांत फिरतो. साध्या क्रियापदाच्या वेषात त्याला एस लागतो, ‘टू’ लागतं, ‘डू’ लागतं: ‘शी नीड्स टू साइन’, ‘शी डझन्ट नीड टू साइन’. मोडलच्या वेषात तो मुख्यतः नकारात आणि क्वचित प्रश्नात दिसतो, आणि तेव्हा काहीच लागत नाही: ‘शी नीडन्ट साइन’, ‘नीड आय साइन?’ दोन वेष एकमेकांत घातले की बिघडतं: ‘शी नीड्स नॉट साइन’ चूक, ‘शी नीड नॉट टू साइन’ चूक. दुसरी चूक आपल्याकडच्या सरकारी पत्रांत आणि सूचनाफलकांवर सर्रास दिसते. ‘नीड नॉट’नंतर ‘टू’ दिसलं की मनातल्या मनात खोडा. बोलण्यासाठी मी पहिलाच वेष सुचवते. एकदा ‘डझन्ट नीड टू’ जिभेवर बसलं की दुसरा फक्त वाचून समजला तरी पुरे.

भूतकाळात मात्र या दोन वेषांना खरंच वेगळं काम आहे, आणि इथं मराठी आपल्याला थोडी दगा देते. ‘मला जायची गरज नव्हती.’ मग गेलात की नाही? मराठी वाक्य सांगत नाही, पुढचं ऐकावं लागतं. इंग्रजीला एका वाक्यात सांगता येतं.

‘आय नीडन्ट हॅव गॉन’: गेलो, पण उगाच गेलो. हेलपाटा झाला.
‘आय डिडन्ट नीड टू गो’: गरज नव्हती, आणि बहुतेक गेलो नाही.

माझी युक्ती अशी: मराठी वाक्यात ‘उगाच’ घालता येत असेल तर ‘नीडन्ट हॅव’. ‘उगाच एवढा स्वयंपाक केलास’, ‘यू नीडन्ट हॅव कुक्ड सो मच’. पाहुण्यांच्या तोंडी हे वाक्य प्रेमाचं, सासूच्या तोंडी टोमण्याचं. इंग्रजीतही हीच गत. ‘डिडन्ट नीड टू’ गेल्यावरही म्हणतात, म्हणून मी ‘बहुतेक’ म्हटलं. पण ‘नीडन्ट हॅव’ म्हटलं की गोष्ट घडून गेलेलीच असते.

पाचवी पायरी: येतं, शकतो, जमलं

‘मला पोहता येतं’ (कसब) आणि ‘मी उद्या येऊ शकतो’ (शक्यता) हा मराठीतला सुंदर फरक ‘कॅन’ गिळून टाकतं. ते राहू द्या. ‘बी एबल टू’ची गरज दोन ठिकाणी लागते.

एक, जिथं ‘कॅन’ पोचत नाही. दोन मोडल शेजारी बसत नाहीत, म्हणून ‘विल कॅन’ नाही. ‘आय विल बी एबल टू कम ऑन मंडे’. तसंच ‘मस्ट कॅन’ नाही, ‘मस्ट बी एबल टू’.

दोन, काल एकदाच जमलेली गोष्ट. धावतपळत स्टेशनवर पोचलात आणि गाडी सापडली: ‘आय वॉज एबल टू कॅच द ट्रेन’. इथं ‘आय कुड कॅच द ट्रेन’ चालत नाही. ‘कुड’ भूतकाळातली कायमची क्षमता सांगतं (‘ॲट सिक्स शी कुड प्ले द सितार’, सहाव्या वर्षी तिला सतार वाजवता यायची), एका दिवशीचं यश सांगत नाही. सापडली नाही, तर ‘कुडन्ट’ बिनधास्त वापरा: ‘आय कुडन्ट कॅच द ट्रेन’. होकारात आडकाठी, नकारात मोकळीक. मराठी कसोटी: ‘जमलं’ किंवा ‘सापडली’ म्हणता आलं की ‘वॉज एबल टू’ किंवा ‘मॅनेज्ड टू’.

सहावी पायरी: गेलेलं बरं, जायला हवं, ठरलं होतं

सल्ल्याचे तीन प्रकार आणि तिन्हींचं वजन वेगळं.

‘छत्री नेलेली बरी’ याचा इंग्रजी जोडीदार ‘हॅड बेटर’: ‘यू हॅड बेटर टेक ॲन अम्ब्रेला’. आतला गर्भित अर्थ: नाही नेलीत तर भिजाल. मराठीत ‘-लेलं बरं’ सौम्य आहे, इंग्रजीतलं ‘हॅड बेटर’ मात्र धारदार. मी स्वतः नोकरीच्या पहिल्या वर्षी वरिष्ठांना मेल लिहिला होता, ‘यू हॅड बेटर सेंड द फाइल बाय इव्हनिंग’. मनात होतं, ‘संध्याकाळपर्यंत पाठवलीत तर बरं होईल’. त्यांनी वाचलं, ‘संध्याकाळपर्यंत पाठवा, नाहीतर बघा.’ फाइल लगेच आली, पुढचे काही दिवस बोलणं मात्र तुटक झालं. वरिष्ठांना, गिऱ्हाइकांना, अनोळखी माणसांना ‘हॅड बेटर’ लिहू नका. ‘कुड यू प्लीज’ म्हणा. घरात, मित्रांत आणि स्वतःशी (‘आय हॅड बेटर गो’, निघालेलं बरं) खुशाल वापरा.

रचना लक्षात ठेवा: नेहमी ‘हॅड’, ‘हॅव बेटर’ कधीच नाही, पुढे ‘टू’ नाही, नकार ‘बेटर’नंतर, ‘यू हॅड बेटर नॉट गो’. बोलताना ‘यूड बेटर’, आणि ते ‘ड’ इतकं दबतं की नसल्यासारखं. ‘व्यायाम केलेला बरा’ अशा कायमच्या सल्ल्याला हे चालत नाही, तिथं ‘शुड’.

मराठी ‘-लेलं बरं’ आणखी एका ठिकाणी येतं: ‘थांबण्यापेक्षा चालत गेलेलं बरं’. त्यात ‘पेक्षा’ आलं, म्हणजे निवड आली, म्हणजे ‘वुड रादर’: ‘आय वुड रादर वॉक दॅन वेट’.

‘जायला हवं’, ‘जायला पाहिजे’ याला ‘शुड’ आणि ‘ऑट टू’ दोन्ही चालतात. ‘ऑट’मध्ये कर्तव्याचा वास थोडा जास्त. नकार ‘ऑट नॉट टू’, भूतकाळ ‘ऑट टू हॅव गॉन’ (जायला हवं होतं, गेलो नाही). मला विचाराल तर ओळखायला शिका, वापरायला ‘शुड’ घ्या.

‘तो दहाला येणार होता’, ‘दुकान आज उघडं असायला हवं होतं’: ठरलेलं, अपेक्षित असलेलं, यासाठी ‘बी सपोज्ड टू’. ‘ही वॉज सपोज्ड टू कम ॲट टेन.’ आलाच असेल असं नाही. उलट बहुतेक आला नाही, म्हणूनच तक्रार चाललीय. लिहिताना ‘सपोज’च्या शेवटी डी लागतोच. ‘आपण इथं चपला काढायच्या असतात’ हे नियमाचं वाक्यही यातच बसतं: ‘यू आर सपोज्ड टू टेक ऑफ युवर शूज हिअर’. पाहुण्याला हे सांगायला ‘मस्ट’पेक्षा किती मऊ, बोलून बघा.

‘बी टू’ बातम्यांत भेटेल. ‘पंतप्रधान उद्या भेट देणार’ याच्या इंग्रजी मथळ्यात ‘पीएम टू व्हिजिट’ असतं, मधला ‘इज’ गाळलेला. परीक्षेच्या सूचनेत ‘कँडिडेट्स आर टू रिपोर्ट ॲट नाइन’ म्हणजे नऊला हजर राहायचं आहे, हौस म्हणून नव्हे. तेवढं ओळखता आलं की झालं.

‘डेअर’ राहिला. ‘विचारायची हिंमत होत नाही’: ‘आय डोन्ट डेअर ॲस्क’, ‘आय डोन्ट डेअर टू ॲस्क’ किंवा पुस्तकी ‘आय डेअर नॉट ॲस्क’. मोडल म्हणून आला की ‘ही डेअर नॉट’, एस नाही. रोजच्या बोलण्यात हा बहुतेक ठरावीक वाक्यांतच जगतो: ‘हाऊ डेअर यू!’ म्हणजे ‘तुझी हिंमत कशी झाली!’, ‘डोन्ट यू डेअर!’ म्हणजे ‘करून तर बघ!’ भांडणात ऐकाल तेव्हा कळावं, एवढ्यासाठी.

सातवी पायरी: आठ दिवसांची वही

दिवसभरात तुम्ही स्वतः मराठीत बोललेली पाच वाक्यं रात्री लिहा. गाइडातली नकोत, तुमचीच. शेपटाखाली रेघ मारा. शेपूट दोन अर्थांचं असेल (‘-यचं आहे’, ‘गरज नव्हती’), तर आधी मराठीतच कंसात खुलासा लिहा: हौस की काम? केलं की नाही केलं? मगच इंग्रजी. पहिल्या दोन दिवसांत कंटाळा येतो. चौथ्या दिवशी बोलता बोलताच शेपूट कानात वाजायला लागतं. सतारमेकर गल्लीतल्या त्या मुलानं हेच केलं; त्याच्या वहीत पहिल्या पानावर ‘आत्ता द्यायची गरज नाही’ हे वाक्य लाल शाईनं होतं.

सुरुवातीला हा परिच्छेद घ्या. उत्तर झाकून ठेवा.

‘माझे आजोबा सायकलवरून दुकानात जायचे. त्यांना पावसात भिजायची सवय होती. मला रिक्षानं जावं लागतं, कारण रस्ता खराब आहे. काल उगाच छत्री नेली. आज आई म्हणाली, रिक्षा मिळणार नाही, लवकर निघालेलं बरं. मी पळत गेलो आणि शेवटची रिक्षा पकडता आली. उद्या जायची गरज नाही, सुट्टी आहे.’

‘माय ग्रँडफादर यूज्ड टू गो टू द शॉप बाय सायकल. ही वॉज यूज्ड टू गेटिंग वेट इन द रेन. आय हॅव टू गो बाय रिक्षा बिकॉज द रोड इज बॅड. आय नीडन्ट हॅव टेकन ॲन अम्ब्रेला यस्टर्डे. टुडे मदर सेड, यू वोन्ट गेट अ रिक्षा, यू हॅड बेटर लीव्ह अर्ली. आय रॅन अँड वॉज एबल टू कॅच द लास्ट वन. आय डोन्ट हॅव टू गो टुमॉरो, इट्स अ हॉलिडे.’

आईच्या वाक्यात कुणी ‘यू शुड लीव्ह अर्ली’ लिहिलं तर मी गुण कापत नाही. ‘यू हॅव बेटर टू लीव्ह’ लिहिलं तर कापते. आणि शेवटच्या वाक्यात ‘आय मस्ट नॉट गो टुमॉरो’ आलं, की वही परत करून त्या तंबोऱ्याच्या गिऱ्हाइकाची गोष्ट पुन्हा सांगायला लावते.